शिक्क्यांच्या रबराचे पातळ काप : एका शाळेतलं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीच्या वर्गासाठी ठसेकामाची कार्यशाळा ठरली होती. बटाट्याचे नि भेंडीचे ठसे मुलांचे प्राथमिकमध्येच करून झाले होते. आता प्रत्येकाने स्वतःचं एक चिन्ह रबरावर कोरावं आणि त्या शिक्क्याने शुभेच्छापत्रं छापावीत, असा चित्रकलेच्या बाईंचा बेत होता. वर्गात मुलं ३४ आणि हाताशी कोरायच्या रबराचे ठोकळे तीन. परदेशात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थिनीने सुट्टीत येताना ते आणून दिले होते. प्रत्येक ठोकळा ४ बाय ६ इंच, जाडी २० मिमीच्या आसपास.

दोन इंची चौकोनी शिक्का धरला तर एका ठोकळ्यात सहा, म्हणजे तिघांत अठरा. निम्मा वर्ग कोरडाच राहणार. पण कोरताना चर जेमतेम दोन मिमी खोल जातो, मग २० मिमी जाडी हवी कशाला? ठोकळा आडवा चिरून पातळ काप पाडले की सगळ्यांना पुरेल. बाईंचा हिशेब बरोबर होता. घोळ झाला तो चिरण्यात.

त्यांनी ठोकळा टेबलाच्या कडेला ठेवला, डाव्या हाताचा तळवा वरून दाबला आणि उजव्या हाताने मोठा कटर बाजूने आत घातला. पहिले दोन-तीन सेंटिमीटर सुरेख गेले. मग पातं अडलं. जोर लावला तसं ते आतल्या आत वाकून वर चढलं आणि ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागातून बाहेर आलं ते थेट अंगठ्याच्या मुळाशी. शिपाईमामांनी कपाटातली हळद आणून भरली. डॉक्टरांना टाके घालण्याआधी ती सगळी धुऊन काढावी लागली. स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि संवेदनेची नस वाचली, एवढं नशीब. टाके निघाल्यावर बाईंनी मला विचारलं, "हे घरगुती साधनांत, कुणाचा हात न कापता होईल का? नसेल तर आपण सरळ अठराच शिक्के करू, दोघांत एक."

पातं का अडलं

मऊ वस्तू सहज कापली जाते, हा समज इथे घात करतो. लाकूड चिरताना चीर पुढे फाकत जाते आणि पात्याला वाट मिळते. मऊ रबर तसं फाकत नाही, ते पात्याला दोन्ही अंगांनी आवळून धरतं. पातं जितकं आत जाईल तितका त्याचा जास्त भाग आवळला जातो. धारेला लागणारा जोर सुरुवातीला होता तेवढाच असतो, घर्षणापोटी लागणारा मात्र इंचाइंचाने चढत जातो. शेवटी आपण कापत कमी आणि ढकलत जास्त असतो. पातं बाहेर पडतं त्या क्षणी घर्षण संपतं, पण हातातला जोर संपलेला नसतो. अपघात होतो तो या अर्ध्या सेकंदात.

त्यात कटरची भर. १८ मिमी रुंदीचं तुकडे मोडत जायचं पातं जेमतेम अर्धा मिमी जाड असतं आणि त्यावर तिरक्या खाचा असतात. कागद-पुठ्ठ्यासाठी ते दोन-तीन खाचांपुरतंच बाहेर काढायचं असतं. आडवा काप घ्यायला बाईंनी ते पूर्ण बाहेर काढलं होतं. एवढं लांब पातं वाकणारच, आणि नाही वाकलं तर खाचेत मोडून उडणार.

तिसरी गोष्ट वरून दाबलेल्या तळव्याची. दाबलेलं रबर बसतं, आपण त्या बसलेल्या अवस्थेत सरळ काप घेतो. हात उचलला की रबर पुन्हा फुगतं आणि सरळ वाटलेला काप लाटांसारखा निघतो. म्हणजे जो हात सगळ्यात धोक्यात होता, तोच काप बिघडवतही होता. पुढचा सगळा विचार मी एवढ्यावरच उभा केला : ठोकळा हाताने धरायचाच नाही.

काय काय बाद केलं

शाळेच्या भांडारात थर्मोकोलचा जुना कटर पडून होता. २०१८ च्या थर्मोकोलबंदीआधी गणपतीच्या मखरांसाठी असा तापत्या तारेचा कटर बऱ्याच शाळांत असायचा. मामांचं म्हणणं, "थर्मोकोल लोण्यासारखा कापतो, हे पण कापेल." कापलंही असतं. पण कोरायचे बरेचसे मऊ ठोकळे नि हल्लीची पांढरी खोडरबरं ही खरी रबराची नसतात. ती मऊ केलेल्या पीव्हीसी या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी तापवलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ओलसर जागी, म्हणजे डोळ्यांत, नाकात, घशात गेला की त्याचं आम्ल होतं. लेझरने शिक्के करणारे दुकानदार पीव्हीसी यंत्रात घालू देत नाहीत ते याचसाठी. ठोकळा नक्की कशाचा आहे हे वेष्टणावरून कळत नसेल तर तो पीव्हीसीचाच आहे असं धरून चालावं. तापती तार, गरम सुरी, मेणबत्तीवर धरलेलं पातं, सगळं बाद. जाळून बघायची परीक्षाही नको.

सुताराकडच्या पट्टाकरवतीचा, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्राचा पर्याय कुणीतरी सुचवलाच. मऊ रबर करवतीच्या दातांत गुरफटतं आणि ओढलं जातं, त्याच्याबरोबर ते धरणारी बोटंही. शिवाय घर्षणाने ते तापतं, म्हणजे पुन्हा धुराचा प्रश्न. बटाट्याचे वेफर पाडायच्या किसणीचाही विषय निघाला. तिच्यावर बटाटा शेवटाला येतो तेव्हा काय होतं हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

चांभाराची रापी मला स्वतःला मोहात पाडत होती. रुंद, पोलादी, न वाकणारं पातं. चामड्याची कड पातळ करायला तिच्यासारखं हत्यार नाही. पण ती कडेला दोन बोटं चालवायची वस्तू. दोन-दोन इंच आत घालून एकसारखी जाडी राखणं हे तिचं काम नव्हे, आणि ज्याच्या हाताला तिची सवय नाही त्याने तर तिच्या वाटेला जाऊ नये.

उरली थंड तार. साबणाची वडी किंवा कुंभाराची माती कापतात तशीच. ताणलेल्या तारेला धार नसते. चुकून बोट लागलं तर ते कापत नाही, जोराने ओढली तरच रुतते. शाळेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. शिवाय तारेला रुंदी नसल्यामुळे रबर आवळणार तरी कशाला? घर्षणाचा प्रश्न मुळातच अर्धा होतो.

मात्र तारेला लागणारा जोर कापाच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. चार इंच रुंद ठोकळ्यातून तार ओढली तर मधोमध ती मागे वाकते, वर-खाली भरकटते आणि काप पोटाशी जाड, कडेला पातळ निघतो. म्हणून क्रम उलटा केला. ठोकळा आधी आडवा चिरायचा नाही, आधी उभा कापून दोन इंच रुंद नि सहा इंच लांब अशा पट्ट्या करायच्या आणि मग प्रत्येक पट्टी आडवी चिरायची. जोर निम्मा, भरकटणं कमी, आणि पट्टी साच्यात नीट बसण्याएवढी लांब राहते. आधीच दोन इंची चौकोन पाडून ते चिरायला गेलो असतो तर ते पकडायला पुन्हा बोटंच लागली असती.

साचा

१८ मिमी प्लायवूडचा तुकडा, सहा इंच रुंद नि सोळा इंच लांब, वर गुळगुळीत सनमायका. खालून दोन उभ्या चौपट्ट्या ठोकून तो टेबलापासून दोन इंच उचलला. त्याचं कारण पुढे येईल. वर दोन समांतर पट्ट्या, ६ मिमी जाडीच्या, दोघींमध्ये रबराच्या पट्टीपेक्षा केसभर जास्त अंतर. पलीकडच्या टोकाला, रबर पुढे सरकू नये म्हणून, ५ मिमी उंचीची एक आडवी अडणी. ही एक मिमीने बुटकी ठेवली की तार तिच्यावरून अलगद निघून जाते. साचा दोन जी-क्लॅम्पनी टेबलाला घट्ट.

६ मिमी हा आकडा हवेतला नाही. स्पीडबॉल कंपनीचा कोरायचा गुलाबी ठोकळा पाव इंच, म्हणजे साधारण तेवढ्याच जाडीचा मिळतो. दोन मिमी चर काढल्यावर खाली चार मिमी शिल्लक राहतात, मुलाचा हात जड पडला तरी हत्यार आरपार जात नाही. यापेक्षा पातळ काप पाडायचा हट्ट आठवीच्या वर्गात तरी करू नये. ३ मिमीचा काप दिसतो छान, पण कोरताना फाटतो, आणि फाटला की मुलं तो बोटांनी धरून सावरायला जातात.

तारेसाठी लोखंड कापायच्या करवतीची, म्हणजे हॅक्सॉची, १२ इंची चौकट घेतली. पातं काढून तिथे गिटारची पहिली तार लावली. साधी पोलादी, पाव मिमी जाडीची, कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळते. दोन्ही टोकांना फास, त्यावर घट्ट पीळ, आणि टोचणाऱ्या टोकांवर चिकटपट्टी. विंग नट, म्हणजे चौकटीची हाताने फिरवायची पाकळ्यांची नट, फिरवून ताण द्यायचा, बोटाने छेडल्यावर तारेने स्पष्ट टणकार द्यायला हवा. बद्द आवाज आला तर काप लाटालाटांचा येणार हे नक्की.

आता चौकट उभी धरायची. तार खाली, आडवी, दोन्ही ६ मिमी पट्ट्यांवर टेकलेली, चौकटीची पाठ वर. कापला जाणारा वरचा थर तार आणि पाठ यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून जातो, म्हणून पट्टी कितीही लांब असली तरी अडत नाही. चौकटीचे दोन्ही पाय तारेच्या थोडे खाली उतरतात, ते साच्याच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतात. साचा टेबलापासून उचलला तो या पायांसाठी. आणि हातांचं काय? उजवा मुठीवर, डावा चौकटीच्या पुढच्या टोकावर, दोन्ही साच्याच्या बाहेर. कापाच्या पातळीत हात यायला जागाच उरत नाही. दुसऱ्या माणसाने 'जरा धरू का?' म्हणून मदतीला यायचं नाही, हा एकच नियम मला तिथे पुन्हापुन्हा सांगावा लागला, आणि तो मामांनाच जास्त.

प्रत्यक्ष कापताना

उभ्या पट्ट्या पाडायला कटरच वापरला, पण पातं ठोकळ्याच्या जाडीपुरतंच बाहेर आणि नवी धार मोडून घेऊन. मोजपट्टीऐवजी ॲल्युमिनियमचा एल आकाराचा अँगल ठेवला. त्याची उभी भिंत बोटं आणि पातं यांच्यामध्ये येते. प्लास्टिकच्या पट्टीत पातं रुततं आणि तिच्यावर चढतं, ती अजिबात नको. एका दमात आरपार जायचं नाही, हलक्या हाताने तोच चर पुन्हापुन्हा खोल करायचा. मोडलेले पात्यांचे तुकडे झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर लिहूनच कचऱ्यात द्यायचा. ते कागदात गुंडाळून टाकले तर हात कुणाचा कापेल, याचा विचार टाकणारा करत नाही.

रबराच्या पट्ट्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या, फ्रीझरमध्ये नव्हे. गारव्याने मऊ पीव्हीसी थोडं ताठ होतं आणि तारेपुढे फुगत नाही. फ्रीझरमधून काढलेल्या पट्टीवर दव धरतं आणि ती साच्यात सरकते. सनमायका कोरडी पुसून पट्टी नुसती दाबून बसवली की ती आपोआप घट्ट चिकटून राहते, दुहेरी टेप लागत नाही. साबणाच्या पाण्याचा बोळा फक्त तारेवर फिरवायचा. पट्टीखाली पाणी गेलं तर हा चिकटपणा जातो.

डोळ्यांवर गॉगल घालूनच काम. ताणलेली तार तुटली की कुठे जाईल सांगता येत नाही, आणि इथे एकदा तुटलीसुद्धा. कापरोधक हातमोजे मिळतात, युरोपीय ईएन ३८८ मानकात त्यांच्या कापरोधाची इंग्रजी ए ते एफ अशी अक्षरी श्रेणी छापलेली असते. उभे काप घेताना डाव्या हातात तसा मोजा जरूर असावा. पण तो घासत जाणारी धार अडवतो, टोक घुसणं अडवत नाही, हे विकणारा सांगत नाही. आणि फिरत्या यंत्रापाशी तर कुठलाच मोजा नको, तो ओढला जातो आणि हातही घेऊन जातो.

पहिला प्रयोग शाळेच्या साध्या खोडरबरावर केला. मग खरी पट्टी. उभं राहून, अंगापासून दूर ढकलत, चौकट डावी-उजवीकडे बोटभर हलवत पुढे नेली. नुसती सरळ ढकलली तर तार रबराला पुढे रेटते आणि पट्टीचं टोक वर उचललं जातं. तिला आडवी चाल दिली की ती शिरते. शेवटचा अर्धा इंच सगळ्यात धोक्याचा, कारण सुटण्याचा क्षण तोच. म्हणून अडणीच्या अलीकडे टाकाऊ खोडरबराचा तुकडा लावून ठेवला. तार पट्टीतून निघून त्या तुकड्यात शिरते आणि तिथेच थांबते, झटका बसत नाही.

बाजू कुठली वर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ठोकळ्याला कारखान्यातून आलेल्या गुळगुळीत बाजू दोनच असतात. तारेने कापलेली बाजू कितीही काळजी घेतली तरी मॅट आणि किंचित ओरखडलेली निघते. शाई तिच्यावर एकसारखी बसत नाही, छाप ठिपकेदार येते. म्हणजे ठोकळ्याचे तीन थर केले काय नि चार केले काय, कोरण्याजोगे दोनच. मधले थर वापरायचे तर काचेवर २२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर) ठेवून, पाणी घालून घासावे लागतात. पाणी घालूनच, नाहीतर पीव्हीसीची धूळ छातीत जाते. ३४ मुलांसाठी हा उद्योग करायला कुणाला वेळ आहे?

म्हणून कारखान्याची बाजू नेहमी खाली, सनमायकाला टेकलेली. पहिल्या कापाने खालचा ६ मिमीचा थर सुटतो. उरलेला १४ मिमीचा तुकडा पालथा केला की दुसरी गुळगुळीत बाजू खाली येते. साच्याच्या त्याच पट्ट्यांवरून, काहीही न बदलता, दुसरा ६ मिमीचा थर. मधे ८ मिमी शिल्लक, दोन्ही बाजूंनी खरखरीत. तो सरावाला. हत्यार हातात नीट बसायला, कोपरा वळवताना रबर फिरवायचं की मनगट, हे कळायला सरावाचं रबर लागतंच, आणि ते गुळगुळीत असण्याची गरज नसते.

एका ठोकळ्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीचे दोन चांगले थर, प्रत्येक थरात तीन शिक्के, म्हणजे बारा. तिन्ही ठोकळ्यांत छत्तीस, आणि सरावाचे अठरा तुकडे. मुलं चौतीस होती. बाईंनी उरलेल्या दोनांपैकी एक स्वतःला ठेवला आणि एक मामांना दिला.

थर सगळे सारखे आले असं नाही. तार ढिली पडली त्या पट्टीत मधे दीड मिमीचा फुगवटा आला. तो भाग लाकडी ठोकळीवर चिकटवताना खाली गेला, त्यामुळे छापताना फारसा त्रास झाला नाही. शिक्क्याची खरखरीत बाजू लाकडाला लावायचा हा दुसरा फायदा : गोंद तिच्यावर जास्त चांगला धरतो.

जखम झालीच तर

बाईंच्या वेळी काय व्हायला हवं होतं ते कार्यशाळेआधी फळ्यावर लिहून ठेवलं. वाहत्या पाण्याखाली धुवायचं. स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरायचं, मधे मधे उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. हात हृदयापेक्षा वर. हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट यांतलं काहीही भरायचं नाही. रक्त थांबल्यावर दोन गोष्टी तपासायच्या : बोटाचं शेवटचं पेर स्वतःहून वाकतं आणि सरळ होतं का, आणि पेराच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का. यांतलं एक जरी नसेल तर जखम दिसायला छोटी असली तरी स्नायुबंध किंवा संवेदनेची नस कापलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर, शक्यतो हाताच्या शस्त्रक्रिया करणारा. चीर खोल असेल, तिच्या कडा फाकत असतील किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तरी डॉक्टरच. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्यायचं.

ठेवायचं कसं

काप तयार झाल्यावर बाईंनी ते एकावर एक रचून प्लास्टिकच्या डब्यात भरले होते, ते मी बाहेर काढायला लावले. पीव्हीसी मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि कडक पारदर्शक प्लास्टिकला, विशेषतः पॉलिस्टायरीनला, विरघळवत चिकटतं. खोडरबराला कागदाचं वेष्टण असतं ते उगीच नाही. कंपासपेटीत उघडं खोडरबर पट्टीला चिकटून तिच्यावर कायमचा खड्डा पडलेला निम्म्या मुलांनी पाहिलेला असतो. प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर लावायचा, गठ्ठा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, खिडकीच्या उन्हापासून लांब. छापून झालेला शिक्काही ओल्या कापडाने पुसून, कागदात गुंडाळूनच घरी न्यायला सांगितलं.